उजेड पडला की उठायचं

त्या कादंबरीतली ती बाई पहिल्यांदा दिसते ती पहाटेच्या अंधारात. डोंगरातली खिंड आहे, हातात कंदील घेतलेले घोडेस्वार खाली उतरताहेत, आणि वाटेच्या कडेला कुणीतरी बसलेलं आहे. लेखक लिहितो की उजेडानं तिला शोधून काढलं आणि ती उठून उभी राहिली. इंग्रजीत ते वाक्य कानाला फार गोड लागायचं. सरांनी ते वाचलं, पुस्तकात बोट ठेवून डोळे मिटले, आणि नेमकं तेव्हाच आमच्या मुलींच्या बाकावरून फिस्सकन हसू फुटलं.

पहिली हसली माझ्या शेजारची. मग तिच्या मागची, मग मी. एकीनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला तरी तिचे खांदे हलायचे थांबेनात. मुलांतल्या काहींना जरा उशिरा कळलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. सरांना मात्र काहीच कळलं नाही. "यात हसण्यासारखं काय आहे?" त्यांनी विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांना लागलं होतं. उत्तर देणार काय, कपाळ?

सांगते. आम्ही सगळ्या जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांतल्या पोरी. मी डिंगोऱ्याची, रस्त्यापलीकडच्या वस्तीवरची. गावात काही घरांना संडास होते, आमच्या वस्तीत एकालाही नव्हता. बायकांनी उजाडायच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावर टमरेल घेऊन बाहेर जायचं. आधी आम्ही उसाच्या आडोशाला जायचो. मग त्या उसात बिबट्या आला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं ज्यांनी काढलीत त्यांना सांगायला नको. आज कुणाची शेळी, उद्या कुणाचं कुत्रं, आणि मग माणसांच्या बातम्या. वस्तीतल्या बायकांनी उसाचा नाद सोडला आणि त्या सरकत सरकत डांबरी रस्त्याच्या कडेला आल्या. तिथं बिबट्या येत नव्हता, गाड्या येत होत्या. माळशेज घाट चढून आलेली गाडी वळणावर आली की हेडलाइटचा झोत थेट कडेच्या गवतावर पडायचा. झोत पडला की सगळ्या बाया एकदम उठून उभ्या. गाडी गेली की खाली. दुसरी आली की परत उभ्या. जिनं लहानपणापासून रोज हे केलंय तिला तुम्ही ते वाक्य वाचून दाखवणार आणि वर म्हणणार, हसू नकोस.

सर पुण्याचे. तालुक्याच्या आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, तिथंच खोली घेऊन राहायचे, सुट्टीला घरी जायचे. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना भलतंच समजाल. ही जाडजूड कादंबरी आमच्या अभ्यासाला नव्हती. त्यात राजे होते, बोलणारे डोंगर होते, नकाशात नसलेले देश होते. सर ती स्वतःच्या पैशानं घेऊन आले होते आणि शनिवारी दुपारी, ज्याला थांबायचं त्यानं थांबावं म्हणून, मोठ्यानं वाचायचे. आम्ही का थांबायचो? काहींची एसटी उशिरा असायची. मला मात्र खरंच ऐकायचं असायचं. मला सगळंच ऐकायचं असायचं, वाचायचं असायचं, आणि डिंगोऱ्यात ते संपून गेलं होतं.

शेवटचं वर्ष होतं. मला पुण्याला एम.ए. करायचं होतं. आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, म्हणणं असं की शिकायला ना नाही, पण पुण्यात एकटी पोरगी ठेवायची म्हणजे कुणी जाणत्या माणसानं येऊन सांगायला हवं. "सर घरी येऊन म्हणले पोरगी पाठवा, तर पाठवतो. न्हाईतर बोरीचं स्थळ हाय." बोरी बुद्रुकचा तो मुलगा वाईट नव्हता म्हणे. मी त्याला पाहिलाही नव्हता. पण उन्हाळ्यात पाहुणे यायचे होते, आणि त्याच्या आत सर यायला हवे होते. माझं सगळं नशीब सरांच्या एका फेरीवर टांगलेलं होतं, आणि हे मला दिवसरात्र आठवत राहायचं. जेवताना, कपडे धुताना, एसटीत उभं असताना. एका जागी बसवत नसे. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय का तुज्या?"

त्यातच मंचरकडच्या एका कॉलेजात चर्चासत्र ठरलं. प्रत्येक कॉलेजच्या एका विद्यार्थ्यानं एका साहित्यकृतीवर निबंध वाचायचा. सरांनी मला निवडलं. विषयही त्यांनीच दिला: कादंबरीतल्या त्या बाईच्या वर्णनातला उजेड. "हे नीट केलंस ना," ते म्हणाले, "तर मी तुझ्या वडिलांशी बोलायला येईन. चर्चासत्रानंतरच्या पहिल्या नाही तर दुसऱ्या रविवारी." मी त्या दिवशी स्टँडपर्यंत पळतच गेले.

आता ते वर्णन काय होतं, ते ऐका. कंदिलांचा उजेड पडतो. बाई उठते. तिची पाठ ताठ असते, मान एका बाजूला वळवलेली असते. एका हातानं तिनं आपला घागरा मुठीत घट्ट धरलेला असतो. पायाशी एक लहानसा मातीचा घडा असतो, तो ती टाचेनं मागं सरकवते. स्वारांना ती उंच वाटते. त्यांच्यातला म्होरक्या मनात म्हणतो की हा उजेड आपल्या कंदिलाचा नव्हेच, हा तिचाच आहे, आपण फक्त तो पाहिला. पुढं सहाशे पानांनी ही बाई त्या देशाची राणी होते.

सरांचा अर्थ तयार होता. उजेड म्हणजे नियती, ती आपल्या माणसाला बरोबर शोधते. उठणं म्हणजे सूर्योदय. वळवलेली मान म्हणजे नम्रता, मूठ म्हणजे निर्धार, घडा म्हणजे तिच्याजवळचं पवित्र असं काहीतरी. हे ऐकताना मी सरांकडे बघायचं टाळत होते. कारण माझ्या डोळ्यांपुढं आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया ओळीनं उभ्या होत्या, ताठ पाठीनं, मान फिरवून, मुठीत लुगडं धरून. आणि प्रत्येकीच्या टाचेमागं टमरेल.

बरं, मला अक्कल नव्हती असं नाही. तो लेखक कुठल्या थंड मुलखातला, त्याला डिंगोरे कुठून ठाऊक असणार? त्यानं काही टमरेल मनात धरून तो घडा लिहिला नव्हता. मी पुस्तक मागून घेतलं आणि झपाटल्यागत शेवटपर्यंत वाचून काढलं. घड्यात खरोखरच तेल निघतं. त्याच तेलानं राणी शेवटी विझलेला महादीप लावते. म्हणजे सर बरोबर, मी चूक. झालं की मग. मिटवून टाकायचं आणि लिहायला बसायचं. पण मला ते जमेना. खालच्या ओठाला दात लावून मी एकेक वाक्य लिहायचे आणि खोडायचे.

एके दिवशी न राहवून मी सरांना विचारलं, "सर, तेल पवित्र आहे ना?"

"हो."

"मग ती पायानं का सरकवते? पवित्र वस्तूला कुणी पाय लावतं का?"

 सरांनी पान उघडून पाहिलं. "त्यांच्याकडे तसं नसतं," ते म्हणाले. मग पुस्तक मिटत, "तू फार बारीक बघतेस. थोडं लांबून बघ."

लांबूनच तर बघत होते सगळे. माझं डोकं फिरलं ते तिथं. घरी येईपर्यंत एसटीत मी मनातल्या मनात सरांशी भांडत होते, आणि शेजारची बाई दोनदा म्हणाली, "का गं, काय म्हनतीस?"

आई दारात कांदा निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फतकल घातली आणि अख्खी गोष्ट सांगितली. खिंड, कंदील, घोडे. आई अर्धवट ऐकत होती. बाई उठली म्हटल्यावर तिचा हात थांबला. घडा म्हटल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि अशी हसली की कांदे घरंगळले.

"असलं पुस्तकात लिवत्यात व्हय?"

"तसं नाही गं. त्यांना वाटतं ती राणी आहे."

"वाटंना का."

मग मी तिला एक विचारलं, जे आजवर कधी विचारलंच नव्हतं, कारण असल्या गोष्टी विचारायच्या नसतात, करायच्या असतात. "आई, आपण उठतो कशाला? बसून राहिलं तर काय होईल? उभं राहिल्यावर तर जास्तच दिसतो."

"बसल्याली बाई दिसली का समद्यास्नी कळतं ती काय करती ते," आई म्हणाली. "हुबी ऱ्हायली का वाटसरू व्हती. कुटं तरी चाललीय, गाडीची वाट बघतीय. कुनाची कोन, काय बी कळत न्हाई. पाठ करायची म्हंजे त्वांड बी कळत न्हाई." आणि तिनं पुन्हा कांदे ओढले. तिच्या लेखी विषय संपला होता.

माझ्या लेखी तो आत्ता सुरू झाला होता. उठणं म्हणजे लपणं. हे मला स्वतःला, इतकी वर्षं उठून, माहीत नव्हतं. आईचं बघून उठायचे, बस. आणि मग मी पुस्तक परत उघडलं तर मला सगळीकडं तेच दिसायला लागलं. ती बाई पुस्तकभर उजेडात असते. मशालींच्या, दरबारातल्या झुंबरांच्या, जळत्या शहराच्या. आणि दर वेळी तो उजेड दुसऱ्या कुणाच्या तरी हातातला असतो, आणि दर वेळी तो धरणाराच सांगतो की ती कशी दिसली. ती तेजस्वी होती, ती ज्योतीसारखी होती. तिला काय दिसलं? सहाशे-सातशे पानांत एकदाही नाही. अहो, तोंडावर झोत पडल्यावर माणसाला काय दिसणार? डोळ्यांपुढं नुसतं पांढरं होतं. गाडी कुणाची, आत कोण, काही कळत नाही. ते मला पाठ होतं.

मी आईला म्हटलं, "मी हेच लिहिणार आहे."

आई घाबरली. हसू कुठल्या कुठं गेलं. "खुळी का काय तू? त्या सराला हे सांगणार? चार मान्सांत?" तिनं इकडंतिकडं बघितलं, जसं काही वस्ती कान लावून बसलीय. "तुला पुण्याला जायचं हाय ना? मग सर म्हन्तील ते लिव्ह आन् मोकळी हो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आईचं खरं होतं. मी सर म्हणतील ते लिहिलं. नियती, सूर्योदय, निर्धार, पवित्र घडा. इंग्रजी चांगलं झालं होतं. सरांनी वाचलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला इतकं बरं वाटायला हवं होतं, आणि मी कागदांची घडी घालून पटकन तिथून निघाले.

चर्चासत्राच्या दिवशी मी आईची निळी साडी नेसले होते. मंचरकडच्या त्या कॉलेजचा हॉल भरलेला होता. मागं मुलं, एका बाजूला मुली, पुढं प्राध्यापक मंडळी, सगळ्यात पुढं आमचे सर. माझ्याआधी एकानं पाऊस आणि विरह असं काहीतरी वाचलं. मग माझं नाव पुकारलं. मी कागद सरळ केला आणि वाचायला लागले. आवाज नीट लागला होता. नियती झाली, सूर्योदय झाला. सर मान हलवत होते.

निर्धार आला तेव्हा मी वर बघितलं. का बघितलं, देव जाणे. मुलींच्या रांगा होत्या. आपापल्या गावाहून पहाटे उठून, आवरून आलेल्या. मुठीत निर्धार धरलाय म्हणे. मला संताप आला, सरांवर नाही, लेखकावरही नाही, त्या कागदावर. मी तो खाली ठेवला.

आणि मराठीत बोलायला लागले. इंग्रजीत मला ते शब्दच ठाऊक नव्हते. मी म्हटलं की हा निबंध बरोबर आहे, पण मला हे वर्णन असं वाचता येत नाही. मी घाटाकडच्या रस्त्याच्या कडेची आहे. आमच्याकडे पहाटे बायका परसाकडं जातात आणि गाडीचा उजेड पडला की उठून उभ्या राहतात. पाठ अशीच ताठ असते, मान अशीच वळवलेली असते. ती नम्रता नसते, ती लाज असते. लुगडं मुठीत धरावंच लागतं. आणि टमरेल टाचेनं मागं सारतात.

टमरेल म्हटल्याबरोबर मागची मुलं फुटली. कुणीतरी बाक बडवला. मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते. मी म्हटलं, हसा. आम्ही पण हसलो होतो. पण मग नीट वाचा. घोड्यावरचा माणूस म्हणतो हा उजेड तिचाच आहे. तो तिचा नाही, त्याच्या हातातल्या कंदिलाचा आहे. तिनं मागितला नव्हता. पुढं ती राणी होते, तेल पवित्र निघतं, सगळं खरं असेल. पण त्या पहाटे ती फक्त उजेड कधी जातो याची वाट बघत उभी होती. एवढंच मला त्यात दिसतं.

मुली हसल्या नाहीत. एकीही नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि मला कळेना, मी त्यांच्या बाजूनं बोलले की त्यांच्यावर आणखी एक झोत मारला. अजून नीट कळलेलं नाही. अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली आणि म्हणाल्या, "वेळ झाली. पुढचे विद्यार्थी."

परतीच्या एसटीत सर पुढच्या सीटवर बसले. नारायणगाव आलं, गेलं, त्यांनी मागं वळून बघितलं नाही. उतरल्यावर स्टँडवर मी त्यांच्यामागं गेले.

"एवढ्या मोठ्या पुस्तकात तुला एवढंच दिसलं?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी तुला तिथून बाहेर काढायला बघत होतो गं. आणि तू सगळ्यांना तिथंच घेऊन आलीस."

"सर, तुमच्यावर कधी पडलाय का उजेड?"

 त्यांनी पिशवी उचलली आणि ते खोलीकडे चालू लागले. रविवारचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

पण रविवारी आबांनी अंगणात खुर्ची मांडली. शेजारून आणलेली, हातांची, चांगली. आईनं जास्तीचं दूध घेतलं होतं. मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. केर काढून झाला तरी परत काढला. दुपार झाली. दूध फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं. सर आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही खुर्ची आणली, आणि त्या दिवशी आबा खुर्चीकडे न बघता थेट माझ्याकडे आले.

आबांचा टेम्पो होता. ओतूरहून भाजी भरायची, रात्रीत कल्याणच्या मार्केटला खाली करायची आणि उजाडता उजाडता घाट चढून परत घरी यायचं, असं माझ्या जन्माआधीपासून चाललेलं. वस्तीत त्यांना मान होता. दारूला शिवत नसत, विहाराच्या कामात पुढं असत, आणि त्यांच्यासमोर घरात कुणी आवाज चढवत नसे. त्यांना माझ्या चर्चासत्राचं काहीच माहीत नाही असं मी धरून चालले होते. पण आळेफाट्याच्या चहाच्या टपरीवर बातमी कुणासाठी थांबते?

"काय बोलली गं तू तितं?"

मी हातातली केरसुणी खाली ठेवली.

"मला टपरीवर मान्सं विचारत्यात. राव, तुमची पोरगी भाषण करती म्हनं, टमरेलाचं." तो शब्द उच्चारताना त्यांचं तोंड वाकडं झालं. "ह्यासाठी शिकवली? वस्तीतल्या बायांची अब्रू वेशीवर टांगाया? म्हणून सर आलं न्हाईत. कसे येतील? कंच्या तोंडानं येतील?"

"आबा, मी खोटं नाही बोलले."

"खरं समदं बोलायचं असतं व्हय? आमी ड्रायवर लोकं हावोत. रोज दिसतंय. कुनी बोलतो का? गावाजवळ आलं का मी मान फिरवतो. बघत न्हाई त्या अंगाला. भल्या मानसाचं हेच काम." ते खुर्चीकडे वळले आणि ती उचलायला लागले. "बोरीच्यांना निरोप धाडतो. कसलं एम.ए. न् काय."

मला वाटलं, संपलं. खरंच वाटलं. मी नुसती उभीच होते, काय करावं ते सुचत नव्हतं. आई चुलीपाशी होती. ती बाहेर आली, हात पुसत, आणि आबांशी बोलली. असं मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज मात्र रोजचाच होता.

"तुमी मान फिरवता, ठावं हाय मला."

आबा थांबले. "काय?"

"म्हणून तर तुमाला कदी कळलं न्हाई. तुमची गाडी लांबनं वळखू येती. घाटाकडनं आली का मी उठायची, पाठ करून हुबी ऱ्हायची. तुमी जायचा."

आबांच्या हातात खुर्ची तशीच होती.  "हाक मारायची मग."

"काय म्हनून मारू?"

 आबा खाली बघत होते.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"लगीन झाल्यापासनं. आदी उसात जायचो तवा कमी. बिबट्या आल्यापासनं रोजच. परवा बी."

त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.  मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी रागही येत होता, आणि दोन्ही कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुण्याला कवा जायाचं असतं? मी येतो संगं. सर नगं न् कुनी नगं." आणि मग, "बोरीला सांगून टाकतो मी."

मला रडू आलं. मी आईकडे बघितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं, पण ती हसत नव्हती, ती अजून आबांकडेच बघत होती.

"तिचं झालं," आई म्हणाली. "आता मी उद्या पहाटं कुटं बसू, ते सांगा."